घराण्यात दम नाही म्हणे!



या सदराच्या टपालात निम्मी पत्रे पिकावरच्या किडीची आणि निम्मी घरातल्या कटकटींची असतात. दिवाळी झाल्यावर आलेले एक पत्र मात्र वेगळेच निघाले. कोरडवाहू गावातल्या एका माउलीने वहीच्या दोन पानांवर ते लिहिले होते. नाव-गाव छापत नाही. मजकूर थोडक्यात असा :

‘गुरुजी, माझी लेक एकोणीस वर्षांची. बारावी झाली आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागली. जाऊबाईंची मुलगीही तिच्याच वयाची. दोघी आषाढात एकाच दिवशी पळायला लागल्या. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्याला जातात. पुतणी ८०० मीटर आधी पावणेचार मिनिटांत पळायची, ती आता सव्वातीनवर आली. माझी लेक चार मिनिटे दहा सेकंदांवर होती, ती अजून चारच्या खाली उतरत नाही. शेवटच्या दोनशे मीटरला छाती भरून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरच्यांतच दम नाही, पोरीच्या रक्तात नाही ते कुठून येणार? स्थळ आलंय ते बघून टाका. मालकही आता तेच म्हणायला लागलेत. गुरुजी, दम खरोखर रक्तात असतो का? असला तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे पोरीला थांबवते.’

पत्र वाचून मी त्याच दिवशी एक पोस्टकार्ड टाकले. त्यात काय लिहिले ते पुढे येईलच. पण प्रश्न इतका नेमका होता, की त्यावर नीट वाचल्याशिवाय सदर लिहायचे नाही असे ठरवले. त्याला आणखी एक कारण होते, आणि ते माझे मलाच टोचत होते.

शाळेत असताना तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांसाठी मुले निवडायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. एका वर्षी सातवीतला एक किडकिडीत मुलगा १५०० मीटरला सगळ्यांत शेवटी आला. त्याचा बापही माझाच विद्यार्थी. मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘अरे, तुझा बापही असाच शेवटी यायचा. तुम्ही पळणाऱ्यांतले नव्हे.’ मुले हसली. तोही हसला. पुन्हा तो मैदानावर आला नाही. आता तो टेंपो चालवतो. मध्यंतरी बाजारात भेटला, पाया पडला आणि म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही सांगितलंत म्हणून लवकर कळलं, आपलं ते काम नव्हे.’ त्याने ते चांगल्या मनाने म्हटले. मला मात्र त्या दिवशी भाजी घ्यायचे सुचले नाही. मी काय तपासून ते सांगितले होते? नुसते बापाचे नाव!

आता सासूबाईंचे म्हणणे. ते सगळेच खोटे आहे असे म्हणू नका. आपण शेतकरी माणसे, आपल्याला हे कोणी पुस्तकातून शिकवायला नको. आटपाडी-सांगोल्याकडचा खिलार पळायला काटक, अकोले-इगतपुरीकडची डांगी भर पावसात चिखल तुडवायला काटक. खोंड घेताना आपण वळू कोणता, गाय कोणती, हे विचारतोच. मग माणसातच आनुवंशिकता नाही असे कसे म्हणावे? चपळाई, छातीचा भाता, स्नायूंची ठेवण हे सगळे थोडेफार मागून येतेच. पण किती येते, कसे येते आणि आले नाही हे कशावरून ओळखायचे, हा खरा प्रश्न आहे.

‘रक्तात दम’ हा आपला नुसता वाक्प्रचार. पण जगात एक घराणे असे सापडले, की ज्याच्या रक्तात अक्षरशः दम होता. ते आहे फिनलंड देशातले. युरोपच्या पार उत्तरेला, जिथे वर्षातले कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते, तिथल्या लॅपलंड भागात पेल्लो नावाचे ठिकाण आहे. तिथे १९३७ साली एरो मँतीरांता नावाचा मुलगा गरीब घरात जन्माला आला. तिकडे लहानपणापासून पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. त्याला स्कीइंग म्हणतात. आपली पोरे जशी बांधाबांधाने शाळेत जातात, तसा हा गोठलेल्या तळ्यावरून स्की करत शाळेत जायचा. पुढे सरहद्दीवरच्या पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि स्कीइंगच्या लांब पल्ल्याच्या शर्यती तो जिंकू लागला. १९६४ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. तिथे १५ किलोमीटरची शर्यत त्याने ४० सेकंदांच्या फरकाने जिंकली आणि ३० किलोमीटरची तर मिनिटाहून अधिक फरकाने. १९६० ते १९६८ या तीन ऑलिंपिकांत मिळून त्याने तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य अशी सात पदके घेतली.

लोकांच्या तोंडाला हात लावता येतो का? हा रक्तात काहीतरी भरून घेतो, अशी कुजबूज सुरू झाली. कारण त्याचे रक्त तपासले, की हिमोग्लोबिन २० च्या वर निघायचे. निरोगी पुरुषात ते साधारण १३ ते १७ असते, बाईमाणसात १२ च्या वर असले की ठीक म्हणतात. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशींतला ऑक्सिजन वाहणारा भाग. त्यात लोह असते. छातीत घेतलेला श्वास मांडीच्या स्नायूपर्यंत पोचवायचे काम त्याचे. बैलगाड्या जास्त असल्या, की ऊस लवकर कारखान्यावर पोचतो, तसेच हे.

पुढे १९७२ साली हा गडी उत्तेजक औषध घेतल्याच्या चाचणीत सापडला, हेही सांगितले पाहिजे. उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको. पण ते औषध वेगळे, त्याने हिमोग्लोबिन वाढत नाही. रक्ताचे कोडे तसेच राहिले.

ते उलगडले १९९० नंतर. आल्बेर्ट द ला शापेल या फिनिश आनुवंशशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँतीरांताच्या नात्यातली शंभराच्या आसपास माणसे तपासली. त्यांतल्या २९ जणांचे रक्त तसेच दाट होते. कारण १९९३ साली छापून आले. आपल्या मूत्रपिंडात एक द्रव्य तयार होते, त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन. ते हाडांच्या आतल्या मगजाला निरोप देते, की तांबड्या पेशी कमी पडताहेत, बनवा. मगजातल्या पेशींवर हा निरोप घेणारी जागा असते आणि तिलाच एक लगाम असतो. पुरेशा पेशी झाल्या, की लगाम ओढला जातो. या घराण्यात ती जागा घडवणाऱ्या गुणसूत्राच्या मजकुरात एक, अवघे एकच अक्षर बदललेले होते. त्यामुळे नेमका लगामाचा तुकडाच घडत नव्हता. विहिरीवरच्या मोटारीचा विचार करा. टाकी भरली, की स्विच पडायला हवा. इथे स्विचच बसवलेला नाही. टाकी भरते, वाहते, मोटार चालूच!

तर सासूबाई बरोबर ठरल्या म्हणायच्या? थांबा. त्याच २९ जणांकडे पुन्हा बघा. सगळ्यांना रक्त तेच मिळालेले. त्या नात्यातला पेर्ट्टी तेउरायार्वी हा १९७६ साली ऑलिंपिकात सुवर्णपदक घेणाऱ्या फिनलंडच्या रिले संघात होता. बाकी बहुतेकांनी आपापले साधे संसार केले. बँडबाजा वाजवत कोणी त्यांना ऑलिंपिकला नेले नाही. दाट रक्त हे भरलेले तळे झाले. पण पाट काढल्याशिवाय वावर भिजत नाही. शाळेची ती रोजची वाट, सरहद्दीवरची पायपीट आणि वर्षानुवर्षांचा सराव, हे पाट मँतीरांताने स्वतः काढले. शिवाय असे रक्त ही नुसती देणगीही नव्हे. रक्त फार दाट झाले, की गाठी होण्याची भीती असते. म्हणून पुढच्या काळात ज्यांनी हेच द्रव्य इंजेक्शनाने टोचून घेतले, त्यांनी जीव धोक्यात घातला. मँतीरांता स्वतः मात्र ७६ वर्षे जगला आणि २०१३ च्या डिसेंबरात गेला.

असे घराणे लाखांत एखादे. तुमच्या-आमच्यात काय असते? एका गुणसूत्राने ‘दम आहे’ किंवा ‘दम नाही’ असे ठरत नाही. शेकडो लहान-लहान फरक असतात, कोणी चिमूटभर देतो, कोणी चिमूटभर काढून घेतो. ते एकेकटे मोजणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती केली : घरेच्या घरे पळवायची, म्हणजे सायकलवर बसवायची, आणि कोण किती सुधारतो ते बघायचे.

क्लोद बूशार या कॅनडाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने अमेरिका आणि कॅनडात हा प्रयोग झाला. १९९९ साली त्याचा एक मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ९८ कुटुंबांतली ४८१ माणसे, आईबाप आणि त्यांची मोठी झालेली मुले, सगळी बैठ्या सवयीची पण निरोगी. त्यांना वीस आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, जागेवरच्या सायकलवर देखरेखीखाली व्यायाम दिला. सगळ्यांना आपापल्या कुवतीच्या मापाने सारखाच. आधी आणि नंतर मोजले, की पूर्ण जोर लावला असता एका मिनिटात शरीर किती ऑक्सिजन वापरू शकते. दमाचे हे खरे माप. सरासरीने ते मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढले. पण माणसागणिक बघितले, तर काहींचे जवळजवळ काहीच वाढले नाही आणि काहींचे एक लिटरहून जास्त वाढले! आणि एका घरातली माणसे बरीचशी एकासारखी निघाली. माणसा-माणसांतल्या या फरकाचा निम्म्याच्या जवळपास वाटा आनुवंशिक असावा, असा हिशेब निघाला.

म्हणजे, ताई, तुमच्या लेकीत आणि पुतणीत जो फरक दिसतो तो जगावेगळा नाही. एकाच दिवशी धावायला लागलेल्या दोघी सारख्या सुधारतीलच असे नसते. आळशीपणाचा तर त्यात काही संबंधच नाही. साडेचारला उठणाऱ्या मुलीला आळशी कोण म्हणेल? गंमत म्हणजे, उठून व्यायामाला जावेसे वाटणे हेसुद्धा काही अंशी जन्मजात असते. सात देशांतल्या ३७,०५१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले, की एकसारखी जुळी याही बाबतीत बरीच सारखी असतात. पण ती बैठ्या देशांची गोष्ट. आपल्याकडे कापूस वेचून आलेल्या बाईला व्यायामाची आवड आहे का, असे विचारणे म्हणजे थट्टाच.

या ‘निम्म्या वाट्या’चा मात्र लोक भलताच अर्थ करतात. निम्मा दम रक्ताचा, निम्मा मेहनतीचा, असा तो अर्थ नाही. समजा, एका शिवारात सगळ्यांची जमीन सारखी, पाणी सारखे, खत सारखे. मग कोणाला आठ पोती झाली, कोणाला बारा, तर तो फरक मुख्यत्वे बियाण्याचा, असे म्हणता येईल. पण एका वावराला पाणीच मिळाले नाही आणि तिथे चारच पोती झाली, तर बियाणे हलके असा निकाल कोणी देईल का? त्या सायकलवाल्या प्रयोगात सगळी माणसे निरोगी, पोटभर जेवणारी होती. तिथे बियाण्याचा फरक उघडा पडणारच. आपल्या घरी आधी पाणी सगळ्या वावरांना सारखे मिळते का, ते बघा, मग बियाण्याला नावे ठेवा.

दुसरीही एक गोष्ट. ज्यांच्यात व्यायामाने काहीच फरक पडत नाही, ते कायम तसेच राहतात का? झुरिचच्या दोन संशोधकांनी २०१७ साली याचे उत्तर दिले. ७८ निरोगी माणसांना पाच गटांत वाटले. कोणाला आठवड्यातून एक तास व्यायाम, कोणाला दोन, असे पाच तासांपर्यंत, सहा आठवडे. एक तासवाल्यांत निम्म्याहून जास्त लोकांत सुधारणा दिसली नाही. चार आणि पाच तासवाल्यांत असा एकही जण नव्हता. मग ज्यांच्यात फरक पडला नव्हता, त्यांना आणखी सहा आठवडे, दर आठवड्याला दोन तास वाढवून दिले. सगळ्यांत फरक पडला! काही रान पहिल्याच पाळीला भिजते, काहीला तिसरी पाळी द्यावी लागते. माझ्या त्या टेंपोवाल्या विद्यार्थ्याला मी पहिली पाळीसुद्धा पूर्ण देऊ दिली नव्हती.

आता ‘तुझ्या माहेरच्यांत दम नाही’ या वाक्याकडे वळतो. सासूबाईंनी रागावू नये. पण घराणे म्हटले, की चांगले ते सासरचे आणि वाईट ते सुनेच्या माहेरचे, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? लेकराला निम्मी गुणसूत्रे आईकडून आणि निम्मी बापाकडून येतात. कोणाकडून कोणती निम्मी येतील याचा नेम नाही, म्हणून सख्ख्या बहिणीही सारख्या नसतात. या तर चुलत बहिणी. आणि स्नायूंच्या पेशीत ऑक्सिजन वापरून शक्ती तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना, त्यांचा स्वतःचा असा जो थोडा आनुवंशिक मजकूर असतो तो तर फक्त आईकडून येतो. म्हणजे तुमच्या मालकांचा दम त्या बाबतीत सासूबाईंकडून आलेला आहे. हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

शहरात हल्ली लाळेचा नमुना घेऊन ‘तुमचे मूल कोणत्या खेळाचे’ असे सांगणारे निघाले आहेत. काही तर बोटांच्या ठशांवरून सांगतात! ठशांच्या भविष्याला कसलाही आधार नाही. तो पोपटवाला ज्योतिषी झाला. लाळेच्या तपासणीत निदान खरी गुणसूत्रे वाचतात. त्यातली एक गोष्ट खरीही आहे. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत असलेले एक प्रथिन काही लोकांत जन्मतः नसते, आणि ऑस्ट्रेलियात २००३ साली झालेल्या अभ्यासात मोठ्या दर्जाच्या, कमी अंतर जोरात पळणाऱ्या धावपटूंत असे लोक फारच थोडे सापडले. पण ते प्रथिन नसलेली निरोगी माणसे जगात शंभर कोटींहून जास्त आहेत, आणि ते असलेली त्याहून कितीतरी जास्त. ती सगळी काही धावपटू नाहीत. खेळाच्या वैद्यकातल्या तज्ज्ञांनी २०१५ साली एकत्र बसून स्पष्ट सांगितले, की मुलांची खेळासाठी निवड करायला या चाचण्या वापरू नयेत. तेव्हा कोणी गावात कॅम्प लावून हजारो रुपये मागू लागला, तर त्या पैशांत पोरीला चांगले बूट आणि शेंगदाणे घेऊन द्या.

आता माझ्या पोस्टकार्डाकडे येतो. त्यात मी तीनच ओळी लिहिल्या होत्या : ‘लेकीला थांबवू नका आणि आठवडाभर जोराने पळवूही नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासा आणि सिकलसेलची तपासणीही करायला सांगा. आकडा कळवा.’

हे सुचायला मी डॉक्टर असायची गरज नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी, छाती भरून येणे, महिनोन्‌महिने धावूनही वेळ न उतरणे, आणि मुलगी एकोणीस वर्षांची. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बाया रक्ताने कमी निघाल्या. दोन बायांमागे एक! मँतीरांताच्या गाड्या जास्त होत्या म्हणून तो पुढे गेला. इथे गाड्याच नाहीत, आणि आपण बैलांना चाबूक मारतोय.

सिकलसेलचे मुद्दाम लिहिले, कारण तोही रक्ताचाच आणि आनुवंशिकच प्रकार. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे बऱ्याच घरांत तो आढळतो. आईबाप दोघांकडून आला, तर आजार होतो : सांधे दुखतात, रक्त कमी होते, धाप लागते. अशा मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पळवू नये. एकाकडूनच आला, तर माणूस वाहक असतो. तो बहुधा धडधाकट असतो, पळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून पळाल्यास वाहकालाही क्वचित धोका होतो. म्हणून सराव हळूहळू वाढवायचा, पाणी प्यायचे, अंग दुखायला-जड पडायला लागले की थांबायचे आणि मास्तरला आधी सांगून ठेवायचे. सिकलसेलसाठी देशभर तपासणीची मोहीम २०२३ पासून सुरू झाली आहे. यात लाज कसली? आणि एक सांगतो, तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने खाऊ नयेत; रक्त कमी असण्याची सगळीच कारणे लोहाची नसतात.

पौषात माउलीचे दुसरे पत्र आले. सिकलसेल नाही. हिमोग्लोबिन ८.६.

साडेआठ! या रक्तावर ती मुलगी चार महिने पहाटे उठून पळत होती. तिच्यात दम नाही म्हणणाऱ्याने तेवढ्या रक्तावर एक दिवस पळून दाखवावे.

डॉक्टरांनी खोदून विचारले, तेव्हा बाकीचे कळले. पाळीत अंगावरून बरेच जाते, ते मुलीने आईलासुद्धा सांगितले नव्हते. पळून आल्यावर कपभर चहा, मग घरातले काम, जेवण सगळ्यांच्या मागून. वावरात अनवाणी जायची, त्यामुळे जंतांचाही संशय. डॉक्टरांनी जंतांची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पाळीच्या त्रासावर वेगळे औषध दिले. गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याला घाबरून पुष्कळ बाया दोन दिवसांत गोळ्या बंद करतात. तसे करू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाच्या पाण्याने लागते. आवळा चालतो. पालेभाजी, हळीव, कडधान्ये खावीत, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी मांस, कलेजी खावी. त्यातले लोह चांगले लागते. भाजीला लोखंडी कढई असली तर उत्तमच. पण रक्त साडेआठवर आले असताना नुसत्या कढईवर विसंबू नये, गोळ्या हव्यातच, आणि आकडा सुधारला तरी डॉक्टर सांगतील तोवर घ्यायच्या, कारण शरीरातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो.

सरावाचेही थोडे बदलायला मी कळवले. दोघी रोज तेच अंतर तसेच पळत होत्या, रोज परीक्षाच! आठवड्यात काही दिवस सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगाने जास्त वेळ पळायचे. दोन दिवस दोनशे-दोनशे मीटर जोरात आणि मध्ये चालणे. एक दिवस पूर्ण विश्रांती. लेकीने पहिला महिनाभर तर फक्त चालावे आणि हलके पळावे, असे डॉक्टरांनीच सांगितले होते.

महाशिवरात्रीनंतर तिसरे पत्र आले. हिमोग्लोबिन ११.१ झाले. ८०० मीटरची वेळ तीन मिनिटे अडतीस सेकंद. अंधारी येत नाही. पुतणी तीन मिनिटे सात सेकंदांवर गेली आहे, म्हणजे अजून अर्ध्या मिनिटाने पुढेच. रक्त पूर्ण भरल्यावर लेक तिला गाठेल का? कदाचित नाही. तो फरक खरेच बियाण्याचा असू शकेल, आणि असला तर असू दे. भरतीत कोणी चुलत बहिणीशी बरोबरी करायला सांगत नाही, घड्याळाशी करायला सांगतात. ताईंना मी हे असेच लिहून कळवले आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक मजकूर लिहिला आहे. आशाताई घरी गोळ्या द्यायला आल्या, तेव्हा घरातल्या सगळ्याच बायांचे रक्त तपासून घेतले. ताईंचे स्वतःचे निघाले ९.४. सासूबाई आधी नको म्हणत होत्या, मग बोट पुढे केले. त्यांचे निघाले नऊ. जाऊबाईंची चूल वेगळी आहे, त्यांच्याकडे मायलेकींचे बाराच्या वर. आता या घरात तिघी जणी रोज रात्री लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घेतात, आणि मालकांच्या बरोबरीने पंगतीला बसायचे असे सासूबाईंनीच ठरवले आहे. स्थळाकडच्यांना अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा म्हणून निरोप गेला आहे.